खुर्च्या, गाणी आणि टी-कसोटी

मानसशास्त्र शिकून मुलगी पुढे करणार काय, हा प्रश्न आमच्या चिंचवड गावात माझ्या वडिलांना सोडून सगळ्यांना पडला होता. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "शिकली आहे ना, मग करेल काहीतरी." समोरच्या काकू मात्र मी दिसले की विचारायच्या, "म्हणजे तू आता वेड्यांच्या इस्पितळात जाणार का गं?" मी नाही म्हणायचे, पण मग कुठे जाणार हे मलाही सांगता यायचं नाही.

त्याचं उत्तर माझ्या कॉलेजातल्या बाईंनी आणलं. पन्नासचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. पिंपरीच्या बाजूला एकेक कारखाना उभा राहू लागला होता, आणि त्यांच्या मधल्या जागेत अजून ज्वारी-बाजरीच होती. असाच एक काचेचा कारखाना औषधांच्या लहान बाटल्या बनवत असे. तिथल्या मॅनेजरांची तक्रार अशी होती की तपासणी हॉलमधल्या बायका सकाळी चोख काम करतात, आणि दुपार झाली की तडकलेल्या, बुडबुडे राहिलेल्या बाटल्या त्यांच्या हातून खुशाल पास होतात. असं का होतं ते बघायला त्यांनी बाईंना बोलावलं होतं. बाई विलायतेत शिकून आलेल्या, चालायच्या इतक्या भरभर की त्यांच्याशी बोलायचं तर अर्धं धावावं लागे. त्या मला म्हणाल्या, "तू चिंचवडची. तुला पिंपरी चालत जाता येईल. ये माझ्याबरोबर."

एवढ्यावर मला माझी पहिली नोकरी मिळाली.

कारखान्यात आम्हाला पाण्याच्या टाकीखालची एक खोली दिली होती. टाकी भरून वाहिली की खिडकीवरून पाण्याचा पडदा उतरायचा आणि खोलीत गार वाटायचं. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि हँडल फिरवून चालवायचं एक गणकयंत्र. गुणाकार संपला की ते यंत्र घंटीसारखं टिण् करायचं. त्या यंत्राशी बसायला बाईंनी संख्याशास्त्र शिकलेला एक मुलगा आणला होता. परभणीकडचा, उंच, शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली. पहिल्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा तो यंत्राचं हँडल उलटं-सुलटं फिरवून बघत होता.

"काय करताय?" मी विचारलं.

"याचा आवाज ऐकायलोय," तो म्हणाला. "मोडकं तर नाही ना, म्हणून."

मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. पुन्हा एकदा हँडल फिरवलं, टिण् झालं, आणि मग समाधानाने मान हलवली.

बाईंचा एक नियम होता. प्रत्येक आकडेमोड दोघांनी करायची, वेगवेगळी, एकमेकांशी न बोलता. तो यंत्रावर, मी संख्यांच्या वर्गांचं कोष्टक घेऊन कागदावर. दोघांचं उत्तर जुळलं तरच ते उत्तर. जुळलं नाही तर दोघांनीही पहिल्यापासून. "कोण चुकलं ते शोधत बसायचं नाही," बाई सांगायच्या, "त्यात भांडणं होतात." त्यामुळे आम्ही दोघं त्या लहानशा खोलीत पाठीला पाठ लावून बसायचो.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "आपल्याला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. फरक आहे का? आणि असला तर केवढा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर टी-कसोटी देते. दुसऱ्याचं देत नाही. लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की घरी जातात. आपण जायचं नाही."

तेव्हा मला ते नीटसं कळलं नव्हतं. टी-कसोटी मी परीक्षेसाठी पाठ केली होती. दोन सरासऱ्यांमधला फरक घ्यायचा, तसा फरक निव्वळ योगायोगाने केवढा पडू शकला असता ते काढायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. येणारा आकडा, म्हणजे टी, त्याच्या छापील कोष्टकातल्या आकड्याहून मोठा असेल तर म्हणायचं, हा फरक योगायोगाचा नव्हे. परीक्षेत एवढं लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे.

तपासणी हॉल लांबट होता. बायका एका रांगेत उंच स्टुलांवर बसायच्या. प्रत्येकीसमोर एक दिवा आणि त्यामागे अर्धी काळी, अर्धी पांढरी फळी. बाटली उचलायची, आधी काळ्यावर धरायची, मग पांढऱ्यावर, गर्रकन फिरवायची आणि चांगली असेल तर ट्रेमध्ये ठेवायची. रहाटणी, थेरगाव, पिंपळे अशा गावांतल्या शेतकरी घरांतल्या सुना, बाहेरच्या जिल्ह्यांतून नवऱ्यामागे आलेल्या काही जणी, आणि फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांतल्या मुली. त्यांनी पास केलेले ट्रे आम्ही पुन्हा तपासायचो आणि किती खराब बाटल्या निसटल्या ते प्रत्येकीच्या बिल्ल्याच्या नंबरापुढे लिहून घ्यायचो. सुरुवातीला माझे डोळे इतके दुखायचे की घरी जेवताना ताटातली वाटीसुद्धा दिव्यासमोर धरून बघावीशी वाटे.

पहिली कल्पना मॅनेजरांची होती. मुंबईहून आलेला, टापटीप कपड्यांतला माणूस. परदेशातल्या कारखान्यांत काम करताना संगीत लावतात असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं, आणि त्या कल्पनेने त्यांना अगदी झपाटलं होतं. हॉलमध्ये लाउडस्पीकर बसले. कोणत्या दिवशी गाणी लावायची आणि कोणत्या दिवशी नाही, ते बाई चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, म्हणजे वाराचा किंवा पगाराच्या दिवसाचा परिणाम मधे येऊ नये. कित्येक महिने हे चाललं. दोन्ही शिफ्ट, सगळ्या बायका. आकड्यांचे ढीग जमले.

शेवटी गणित करायला बसलो. दोघांची उत्तरं पहिल्याच फेरीत जुळली. टी इतका मोठा आला होता की कोष्टकातला आकडा त्याच्यापुढे खुजा दिसत होता. मी कागद घेऊन पळत मॅनेजरांच्या खोलीत गेले. त्यांनी कागद वाचला, उठून उभे राहिले आणि शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

बाई मागून आल्या. पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"फरक खरा आहे," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल शंका नाही. पण केवढा आहे ते विचारलंत का?"

"एवढा मोठा आकडा आलाय की!" मॅनेजर म्हणाले.

"तो आकडा फरकाचा नाही, आपल्या खात्रीचा आहे. आपण इतके दिवस, इतक्या बायकांचं मोजलं, की मुंगीएवढा फरकही डोळ्यांना दिसला. असं बघा, तुमच्या सगळ्या बायका कामाप्रमाणे ओळीत उभ्या करा. सगळ्यात चांगलं तपासणारी पुढे, सगळ्यात कच्ची मागे. आता मधोमध उभी आहे तिला गाणी ऐकवा. ती ओळीत किती पुढे सरकेल? शेजारणीलासुद्धा ओलांडणार नाही. एवढा फरक आहे."

मॅनेजर खाली बसले. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर उघडा राहिला. मला त्या माणसाची दया आली. बाईंनी जरा हळू सांगायला हवं होतं, असंही वाटलं. पण परत येताना टाकीखालच्या खोलीत शिरता शिरता मला एकदम ते कळलं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळवूनही कळलं नव्हतं ते. खात्री वेगळी, आकार वेगळा. पुढे या दुसऱ्या मोजमापाला पुस्तकांतून रीतसर नाव मिळालं, त्याची सूत्रं आली. तेव्हा बाई नुसतं "केवढा" म्हणायच्या.

"गाणी बंद करू का मग?" मॅनेजरांनी दोन दिवसांनी विचारलं. ते स्वतःच हॉलमध्ये उभे राहून विचारत होते, म्हणून बायकांनीही ऐकलं. रहाटणीची एक सून होती, बोलायला धीट. सगळ्याच तिला वहिनी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो होतो. ती म्हणाली, "बंद करा की सायेब. काम हाय तेवढंच व्हईल. पर आमी तोंड वाकडं करून करू."

हॉल हसला. मॅनेजरही हसले. गाणी राहिली.

मग बाई स्वतः दुपारभर हॉलमध्ये बसल्या, एका रिकाम्या स्टुलावर. संध्याकाळी खोलीत आल्या त्या कंबर धरून. "मला कळलं," त्या म्हणाल्या. "डोळे नाही थकत, पाठ थकते. पाठ थकली की माणूस वाकतं, वाकलं की हात खाली येतो आणि बाटली दिव्यापासून लांब जाते." त्यांनी चिंचवडच्या एका सुताराकडून पाठ असलेल्या थोड्या खुर्च्या करून घेतल्या. पहिल्या दिवशी बायका त्यांवर चक्क मांडी घालून बसल्या. स्टुलाच्या आडव्या दांडीवर पाय टेकायची सवय, आणि खुर्चीला दांडीच नव्हती. मग सुताराला पुन्हा बोलावून पायाखाली पाट बसवले. तेव्हा कुठे त्या पाय सोडून, पाठ टेकून बसल्या.

पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. या खेपेला निम्म्या बायका खुर्चीवर, निम्म्या जुन्या स्टुलावर. खुर्च्या थोड्या होत्या, म्हणून बायकाही थोड्याच घेतल्या. खुर्चीवाल्या हॉलच्या एका टोकाला, स्टूलवाल्या दुसऱ्या. काही आठवडे मोजणी चालली. ट्रे पुन्हा तपासताना मला बोटांनाच जाणवायचं की खुर्चीकडच्या ट्रेंमध्ये खराब बाटल्या कमी आहेत. मी परभणीकराला म्हटलं, "या वेळी नक्की."

"गणित झाल्याशिवाय मी काही म्हणणार नाही," तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, "पण मलाही तसंच वाटायलंय."

गणित झालं. दोन सरासऱ्यांमधला फरक चांगला घसघशीत होता. गाण्यांच्या फरकाच्या कितीतरी पट. पण टी कोष्टकातल्या आकड्यापर्यंत पोचला नाही. थोडक्यात अडखळला. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच, आणि दोघांचंही तेच.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे खुर्चीने फरक पडत नाही."

"असं नाही," बाई म्हणाल्या. "फरक सिद्ध झाला नाही, एवढंच. बायका थोड्या होत्या, आणि बायका-बायकांच्या कामात मुळातच खूप अंतर आहे. त्या गोंधळात आपला फरक बुडाला. नाही म्हणायलाही पुरावा लागतो."

"बाई, गाण्यांचा फरक सिद्ध झाला तर तुम्ही म्हणालात लहान आहे. खुर्चीचा मोठा आहे तर म्हणता सिद्ध झाला नाही. मी वर काय सांगू?"

बाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. 

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. स्टुलं-खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. मी काही कामाने हॉलमधून जात होते, तर स्टुलांच्या टोकाला वहिनी बसलेली दिसली. वहिनीची चिठ्ठी खुर्चीची निघाली होती. मी जवळ गेले. तिच्या पदराला बिल्ला होता तोही तिचा नव्हता. थेरगावच्या एका बाईचा होता. आणि थेरगावची ती बाई पलीकडच्या टोकाला, वहिनीच्या खुर्चीत, वहिनीचा बिल्ला लावून बसली होती.

"वहिनी, हे काय?"

ती जराही गडबडली नाही. "अवं ताई, थेरगावचीची कंबर लई दुखती. तिला खुर्ची दिली. आन् मला हितं बसायचं व्हतं."

"का पण?"

तिने शेजारच्या स्टुलाकडे हनुवटी केली. तिथे कॅम्पातली एक सिंधी मुलगी बसली होती. लहान चणीची, मान खाली घालून बाटल्या फिरवणारी. "हिला मराठी नीट कळत न्हाई. मुकादम वराडला का हिचे हात कापत्यात. मी शेजारी असल्यावं हिला भ्या वाटत न्हाई. तुमी चिठ्ठ्या टाकल्या आन् हिला ह्या टोकाला नेलं, मला त्या टोकाला. मग आमीच बदलून घ्येतलं. मुकादमाला कळू ने म्हणून बिल्लं बी बदललं."

"किती दिवस झाले?"

"पयल्यापासनं की."

सिंधी मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती. तिला बोलणं सगळं कळलं नसेल, पण काय चाललंय ते कळलं होतं. तिने वहिनीचा पदर धरला आणि मला म्हणाली, "वहिनी का दोष नहीं. मी... मी बोलली तिला."

मी टाकीखालच्या खोलीत आले आणि डोकं टेबलावर ठेवलं. इतक्या आठवड्यांची मोजणी, डोळे फोडून तपासलेले ट्रे. बिल्ल्यांप्रमाणे लिहिलेले आकडे आता कुणाचे समजायचे? एका बाईचं काम दुसरीच्या नावावर, आणि ज्या बाईची कंबर आधीच दुखते ती आपणहून खुर्चीकडे गेलेली. चिठ्ठ्या टाकण्याचा सगळा अर्थच गेला. परभणीकराने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाईंना बोलावून आणलं.

बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या हॉलमध्ये गेल्या आणि वहिनीला विचारलं, "तुम्हाला दोघींना एकत्र बसायला मिळालं असतं तर बदललं असतंत का?"

"न्हाई जी, मोठ्या बाई. कशाला बदललं असतं?"

"आणि त्या थेरगावच्या बाईंना?"

"तिला आठवड्यानं का व्हईना, खुर्ची मिळणार हाय असं कळलं असतं तर ती बी दम धरती."

बाईंनी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपण यांना एकमेकींशी का ताडतोय? प्रत्येकीला तिच्याशीच ताडू."

खोलीत येऊन त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. प्रत्येक बाई काही दिवस खुर्चीवर बसेल, काही दिवस स्टुलावर. निम्म्यांना आधी खुर्ची, निम्म्यांना आधी स्टूल, म्हणजे सरावाचा परिणाम दोन्हीकडे सारखा. आणि प्रत्येकीचा तिच्यापुरता फरक काढायचा. वहिनीचे हात मुळात चपळ, कॅम्पातल्या मुलीचे सावकाश. ते अंतर आता मधे येणारच नाही, कारण वहिनी वहिनीशीच ताडली जाईल. ज्या गोंधळात आपला फरक बुडाला होता तो गोंधळच बाजूला होईल. जोडीची टी-कसोटी. आम्हाला दोघांनाही ती माहीत होती. पण सुचली नव्हती.

"आणि चिठ्ठ्या एकेकीच्या टाकायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "ज्या मैत्रिणी आहेत त्यांची एकच चिठ्ठी. म्हणजे कुणाला बिल्ला बदलायची गरज पडणार नाही."

मॅनेजरांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. पहिली मोजणी बिघडली, ती टाकून दिली, पुन्हा करायची आहे. मला वाटलं आता आमचा बाडबिस्तरा बाहेर. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला.

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "पुढे मला नाही थांबता येणार. आणि त्या बायकांवर काही कारवाई करू का?"

"मुळीच नाही. चूक माझ्या मांडणीत होती."

त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सकाळी चिंचवडहून निघायचं. पवना नदीवरून धुकं येऊन रस्त्याकडेच्या बांधांवर बसलेलं असायचं. बैलगाड्या, सायकलीवरचे कामगार, मधेच एखादी लॉरी धूळ उडवत जायची आणि मी पदर नाकाला लावायचे. पिंपरीच्या वळणावर परभणीकर उभा असायचा. तो कधीच वाट बघतो असं म्हणाला नाही. नेहमी सायकलची चेन बसवत असायचा. एवढी चेन कुणाची कशी निसटते, हे मी कधी विचारलं नाही.

हॉलमध्येही काही बदललं होतं. प्रत्येकीची पाळी येणार हे ठाऊक असल्यामुळे कुणाचा कुणावर राग नव्हता. थेरगावची बाई स्टुलाच्या दिवसांत कुरकुरायची आणि खुर्चीच्या दिवसांत गाण्याबरोबर गुणगुणायची. वहिनी आणि ती सिंधी मुलगी शेजारीशेजारी. बाटली काळ्या फळीवर धरून वहिनी म्हणायची, "ह्ये काय?" ती म्हणायची, "बुडबुडा." "आन् ह्ये?" "चीर." "आन् त्यो कोन?" मुकादमाकडे बघून ती हळूच म्हणायची, "वाघ." मग दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. थोड्याच दिवसांत ती आमच्याशी रहाटणीच्या बोलीत बोलू लागली. "व्हय ताई," "न्हाई ताई." कॅम्पातली सिंधी मुलगी असं बोलताना ऐकून मॅनेजर एकदा दारातच थबकले होते.

दिवाळीच्या तोंडावर मोजणी संपली. गणिताच्या दिवशी बाईंनी परभणीकराला यंत्रासकट बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं आणि मला खोलीत. मी प्रत्येकीचा फरक लिहीत गेले. खुर्चीतलं वजा स्टुलावरचं. जवळजवळ सगळ्यांचे फरक एकाच बाजूचे.  बाहेर यंत्राचं टिण्, टिण् चाललं होतं. मग ते थांबलं. माझी एक पायरी अजून बाकी होती. दारात सावली पडली, पण बाहेरून शब्द नाही. नियम त्याने कधी मोडला नाही.

मी शेवटचा भागाकार केला आणि म्हटलं, "झालं."

"तुमचं किती आलंय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने आपला कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत. कोष्टक उघडायचीही गरज नव्हती, तरी बाईंनी उघडलं आणि ओळीवरून बोट फिरवलं. मग कोष्टक मिटून त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. परभणीकर पहिल्यांदा मोकळा हसला. त्याचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मॅनेजरांनी कागद पाहिला. या वेळी ते उठून उभे राहिले नाहीत.

"फरक आहे," ते म्हणाले. "आता सांगा, केवढा?"

बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कॉलेजातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. "तीच ओळ डोळ्यांसमोर आणा," त्या म्हणाल्या. "मधोमध उभी असलेली बाई. तिला खुर्ची द्या. ती एकेकीला ओलांडत पुढच्या चांगल्या बायकांत जाऊन उभी राहते. आणि सगळ्या बायकांच्या आपसांतल्या अंतराशी ताडूनच हे मी सांगते आहे. नुसत्या बाटल्यांच्या आकड्यावर मी बोलत नाही."

"सगळ्या हॉलला खुर्च्या करायच्या तर सुताराला वर्षभर काम लागेल."

"लागू द्या."

मॅनेजरांनी टेबलावरचं पेन उचललं. वर परवानगी मागावी लागणार होती, प्रश्न विचारले जाणार होते. मग ते म्हणाले, "पायाखालच्या पाटांसकट?"

"पाटांसकट."

खुर्च्या एकदम आल्या नाहीत. थोड्या-थोड्या येत राहिल्या. आधी कुणाला द्यायच्या यावरून बायकांत थोडी बोलाचाली झाली, पण ती त्यांनीच मिटवली, ज्यांच्या कमरा दुखत होत्या त्यांना पहिल्यांदा देऊन. बाईंचं काम संपलं, त्या पुण्याला कॉलेजात परतल्या. मला पुढे तिथेच शिकवायची नोकरी मिळाली. परभणीकराशी माझं लग्न झालं. मुलगा कुठला, कोणत्या गावचा, त्याची बोली ही अशी कशी, हे सगळं आमच्या घरात रीतसर होऊनच. काकूंनी आहेर करताना मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे दोघंही वेड्यांच्या इस्पितळातच का?"

पण त्याआधीचा एक दिवस मला सांगायचा आहे. हिवाळ्यात, बाई पुण्याला जाण्याच्या आदल्या रविवारी, वहिनीने सगळ्यांना रहाटणीला आपल्या शेतावर हुरड्याला बोलावलं. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. तिने मॅनेजरांनाही हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, "सायेब, या. न्हाई म्हणू नगा." आणि ते आले, पायात चकाकते बूट, बांधावरून तोल सांभाळत. वहिनीच्या सासऱ्यांनी शेताच्या कडेला आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायचा. मॅनेजरांनी पहिली फुंकर इतक्या जोरात मारली की दाणेही उडाले. सासरे म्हणाले, "दमानं सायेब, दमानं. कोंडा जायाला पायजे, दानं न्हाई."

कॅम्पातली मुलगी आपल्या आईला घेऊन आली होती. आई फाळणीनंतर कधी कुणाच्या शेतात गेली नव्हती म्हणे. ती सुरुवातीला नुसती उभी होती, कणसांच्या रांगांकडे बघत. मग वहिनीच्या सासूने तिचा हात धरून तिला घोंगडीवर बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासू तिच्या तळव्यावर हुरडा, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा ठेवत राहिली, ती खात राहिली, आणि मधे एकदा तिने डोळे पुसले. सासूने आणखी एक मूठ वाढली.

बाई आगटीजवळ बसून हातावर कणीस चोळत होत्या. त्यांचे तळवे लाल झाले होते. थेरगावची बाई त्यांना दाखवत होती, असं नाही, असं. परभणीकर दुरून मला हाक मारत होता, नावाने नाही, नुसतं "अहो!" म्हणून. पाचसहा बायका एकदम त्याच्याकडे वळल्या, आणि वहिनी तिथूनच ओरडली, "कोणाला हो? नीट सांगा की राव, हितं लई जणी हायत!"

धूर सगळा माझ्या बाजूला येत होता. मी उठून त्याच्याकडे गेले.